विश्लेषण : गाईचा चारा हळूहळू बदलतो, मग म्हाताऱ्या मांजराची वाटी एका दिवसात का?

परभणी जिल्ह्यात जनावराचा चारा कसा बदलायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही. उन्हाळाभर कडब्यावर काढलेल्या गाईला पावसाळ्यात एकदम कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर सोडले की पोटफुगी होते, हे शेतकऱ्याच्या घरातले लहान मूलही जाणते. म्हणून कडब्यात थोडा थोडा हिरवा चारा मिसळत जातात. त्याच घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मांजराने दोनदा ओकले, की दिवस मावळेपर्यंत त्याचे खाणे तीनदा बदललेले असते. सकाळी दूध बंद, दुपारी दहीभात, संध्याकाळी शेजाऱ्यांनी सुचवलेले नवे पाकीट. तरी उलट्या थांबल्या नाहीत, तर ‘आता वय झाले त्याचे’ असे म्हणून विषय संपतो. वयस्क मांजराचे नाजूक पोट आहाराने सांभाळता येते का, बदल कसा करायचा आणि त्याआधी काय तपासायचे, याचे हे विश्लेषण.

मांजर ‘म्हातारे’ कधी होते?

अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १० वर्षांचे मांजर पोक्त आणि १० वर्षांपुढचे वृद्ध मानले जाते. माणसाच्या वयाशी तुलना करायची तर १५ वर्षांचे मांजर साधारण ७६ वर्षांच्या आजोबांच्या वयाचे असते. घरात नियमित खाणे आणि सुरक्षितता मिळालेली मांजरे आज १४-१५ वर्षे सहज जगतात. म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा त्यांना म्हातारपणात काढायचा असतो.

‘वय झाले’ हे वर्णन झाले, निदान नव्हे. ७६ वर्षांचे आजोबा आठवड्यातून तीनदा उलट्या करू लागले आणि दोन महिन्यांत सहा किलोंनी उतरले, तर ‘वय झाले’ म्हणून आपण त्यांना घरी बसवून ठेवत नाही. मांजराच्या बाबतीत नेमके हेच घडते. मांजर दुखणे लपवणारा प्राणी आहे. ते ओरडत नाही, लंगडत नाही. कपाटावर चढणे सोडते, दिवसभर एका कोपऱ्यात बसते, आणि ‘आता शांत झाले’ असे आपण कौतुकाने सांगतो.

दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराचे काय?

आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी इतकी पक्की आहे की चित्रातले मांजरही बशीपुढेच बसलेले असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर पिल्लाच्या आतड्यात भरपूर असते. पिल्लू आईच्या दुधावरून सुटले की ते कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथे पाणी ओढून घेते आणि आंबते. त्यातून गॅस आणि पातळ शी. तरुण मांजर हे निभावून नेते. बारा वर्षांच्या, आधीच पाणी कमी पिणाऱ्या मांजराला रोजचे जुलाब परवडत नाहीत. म्हणून नाजूक पोटाच्या मांजरासाठी पहिला आणि पूर्णपणे फुकट उपाय म्हणजे दूध बंद करणे. दह्या-ताकात लॅक्टोज थोडे कमी असते, पण ती मांजराची गरज नाही.

दुसरा मुद्दा पोळी-भाकरीचा. मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. ही आवड नसून शरीराची रचना आहे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते प्राणिज पदार्थांतूनच मिळते. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी टॉरिनच्या कमतरतेचा मांजराच्या हृदयविकाराशी संबंध दाखवला. त्यातली काही मांजरे तर कंपन्यांचे तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. गाजरातल्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणेही मांजराला जमत नाही.

शाकाहारी घरात मांजर पाळू नये, असा याचा अर्थ नाही. मात्र त्याच्या वाटीत काय पडते, हा घराच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. दूध-पोळी खाऊन धष्टपुष्ट दिसणारे मांजर बहुतेक वेळा बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून आपली तूट भरून काढत असते. म्हातारपणी शिकार सुटते आणि तूट उघडी पडते. ‘इतकी वर्षे हेच खाऊन राहिले, आताच काय झाले?’ या प्रश्नाचे अनेक घरांतले उत्तर हे आहे.

वय वाढले की पोटात नेमके काय बदलते?

माणूस म्हातारा झाला की आपण त्याला हलके, कमी तेलाचे, मोजके खायला देतो. मांजराला तोच नियम लावला की चूक होते. मध्यम वयात मांजराची ऊर्जेची गरज कमी होते आणि ते सुटते. साधारण ११-१२ वर्षांनंतर मात्र चित्र उलटते. १२ वर्षांपुढच्या मांजरांपैकी जवळपास एक तृतीयांश मांजरांना स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि १४ वर्षांपुढच्या सुमारे पाचातल्या एकाला प्रथिने नीट पचत नाहीत, असे पचनावरील अभ्यासांतून दिसले आहे. अशा मांजराला कमी खाणे देऊन उपयोग नसतो. त्याला सहज पचणारे आणि चांगल्या प्रतीचे प्राणिज प्रथिन लागते, तेही दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे.

वास घेण्याची क्षमताही घटते. मांजर चवीपेक्षा वासावर जेवते. फ्रीजमधून काढलेले थंडगार खाणे त्याला खाणेच वाटत नाही. तेच कोमट केले की वाटी चाटूनपुसून स्वच्छ होते. दात-हिरड्या दुखत असतील तर मांजर खाणे न चावता गिळते आणि थोड्या वेळात जसेच्या तसे बाहेर काढते. घरच्यांना ते पोटाचे दुखणे वाटते. मूळ दुखणे तोंडात असते.

उलटी झाली म्हणजे पोटच बिघडले, असे का नाही?

वृद्ध मांजराच्या उलट्यांमागे निदान पाच-सहा वेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा आहार वेगळा असतो. काही वेळा तर एकमेकांच्या उलट.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार हा वृद्ध मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक. रक्तात साचलेल्या टाकाऊ द्रव्यांमुळे मळमळ होते, मांजर पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते. इथे आहारातला फॉस्फरस कमी करावा लागतो आणि प्रथिने मापात ठेवावी लागतात. थायरॉईड ग्रंथी जादा काम करू लागली तर मांजर अधाशासारखे खाते आणि तरी वाळत जाते. त्याला औषध लागते आणि भरपूर प्रथिनांचे खाणे लागते. मधुमेह असेल तर पिष्टमय पदार्थ कमी करायचे. आतड्याला जुनाट सूज असेल तर आजवर कधी न खाल्लेले प्रथिन द्यायचे. बद्धकोष्ठ असेल तर पाणी वाढवायचे. पोटात जंत असतील तर आहाराचा प्रश्नच नाही, जंताचे औषध हवे.

आता कल्पना करा. मूत्रपिंड थकलेल्या मांजराला ‘म्हातारपणात ताकद हवी’ म्हणून घरच्यांनी रोज कलेजी सुरू केली. किंवा थायरॉईड वाढलेल्या मांजराला ‘पोटाला आराम हवा’ म्हणून भाताच्या पेजेवर ठेवले. दोन्ही घरांत हेतू चांगला आहे, दोन्ही घरांत मांजर आणखी खालावणार आहे. म्हणून या विश्लेषणाचा मुख्य मुद्दा असा, की वृद्ध मांजराच्या बाबतीत आहार हे औषध आहे आणि निदानाशिवाय औषध देऊ नये.

टेक्सासमधील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ उलट्या, जुलाब किंवा वजनघट असलेल्या आणि सोनोग्राफीत लहान आतड्यात बदल दिसलेल्या १०० मांजरांच्या आतड्याचे नमुने त्यांनी तपासले. त्यातल्या ९९ मांजरांना आतड्याचा जुनाट आजार निघाला. सुमारे निम्म्यांना सूज होती आणि जवळपास तितक्यांनाच लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. ही मांजरे आधीच निवडलेली होती, त्यामुळे ओकणाऱ्या प्रत्येक मांजराला कर्करोग असतो असे यातून कोणी समजू नये. पण ‘मांजरे ओकतातच, केसांचा गोळा असेल’ असे म्हणत महिनोन्‌महिने काढणे किती महाग पडू शकते, हे त्यातून कळते.

आहाराने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगला पडतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाच्या जुनाट तक्रारी असलेली ५५ मांजरे घेतली होती. त्यांना मोजक्या घटकांचा, नव्या प्रथिनाचा आहार दिला. पुन्हा जुने खाणे दिल्यावर १६ मांजरांची तक्रार परतली, म्हणजे त्यांना अन्नाचेच वावडे होते हे सिद्ध झाले. आणखी सुमारे २० टक्के मांजरे नव्या आहारावर सुधारली आणि जुन्या खाण्यावरही ठीक राहिली. थोडक्यात, जवळपास निम्म्या मांजरांना केवळ वाटी बदलल्याने आराम पडला.

पण या प्रयोगाची शिस्त लक्षात घ्यायला हवी. त्या काळात मांजराने ठरलेल्या खाण्याशिवाय काहीही खायचे नसते. पोळीचा तुकडा नाही, बिस्कीट नाही, शेजारच्या घरातले मच्छीचे डोके नाही. आपल्याकडची मांजरे अर्धा दिवस गल्लीत असतात आणि तीन घरांत जेवतात. अशा मांजरावर हा प्रयोग करायचा तर दोन-तीन आठवडे त्याला घरात ठेवावे लागते आणि शेजाऱ्यांना हात जोडून सांगावे लागते. पोटाच्या तक्रारीत सुधारणा व्हायची असेल तर बहुतेक वेळा या मुदतीत दिसते. तोवर धीर धरणे हा उपचाराचाच भाग आहे.

वाटी बदलायची तर कशी?

कडब्यात हिरवा चारा मिसळण्याचे तंत्र जसेच्या तसे इथे लागू पडते. पहिले दोन-तीन दिवस जुने खाणे तीन भाग आणि नवे एक भाग. पुढचे दोन-तीन दिवस निम्मे-निम्मे. त्यानंतर जुने एक भाग, नवे तीन भाग. सातव्या ते दहाव्या दिवशी पूर्ण नवे. पोट फार नाजूक असेल तर हाच प्रवास दोन आठवड्यांचा करावा. मध्येच शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर थांबावे, घाबरून तिसरे पाकीट आणू नये.

एका वेळी एकच बदल, हा दुसरा नियम. खाणे बदलले, त्याच दिवशी जंताचे औषध दिले आणि त्याच दिवशी टॉनिकही सुरू केले, तर फरक कशाने पडला हे देवालाही सांगता येणार नाही. यंत्रातला बिघाड शोधताना एका वेळी एकच पुर्जा बदलून पाहतात, तसेच हे आहे.

तिसरा नियम नोंदीचा. कॅलेंडरच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहाव्यात : किती खाल्ले, उलटी झाली का, शी कशी होती. उलटीत पिवळे पाणी होते, केस होते की न पचलेले अन्न, हेही लिहावे. पंधरा दिवसांतून एकदा वजन. त्यासाठी वेगळा काटा लागत नाही. मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करायचे. चार किलोचे मांजर ३ किलो ६०० ग्रॅमवर आले, तर ‘फक्त ४०० ग्रॅम’ म्हणू नये. ती दहा टक्के घट आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखी. डॉक्टरांसमोर ‘बरेच दिवसांपासून कधी कधी ओकते’ असे सांगण्यापेक्षा ही कॅलेंडरची पाने शंभर पटीने उपयोगी पडतात.

चौथा नियम लंघनाचा, म्हणजे लंघन न करण्याचा. पोट बिघडले की उपाशी राहावे, हे माणसासाठी आपल्या अंगवळणी पडलेले शहाणपण मांजरावर लादू नये. मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि तो आजार जीवघेणा ठरू शकतो. २४ तास मांजराने काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नये. याच कारणाने ‘नवे खाणे खात नाही ना, भूक लागली की खाईल’ हा हट्टही मांजरापुढे धरू नये.

घरचे की पाकिटातले?

दोन्ही बाजूंनी टोकाची मते आहेत. पाकिटातल्या खाद्याची बाजू अशी, की ज्यावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ असा उल्लेख असतो त्यात टॉरिन, कॅल्शियम, जीवनसत्त्वे मापात घातलेली असतात. ‘पूरक आहार’ किंवा ‘खाऊ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या नळ्या-पुड्या ही गरज भागवत नाहीत. त्यावर मांजर ठेवणे म्हणजे मुलाला कुरकुऱ्यांवर वाढवणे. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही, कारण ते मांजराच्या गरजांसाठी बनवलेलेच नसते.

घरच्या खाण्याची बाजू परवडण्याची आणि ताजेपणाची. आजारपणातले चार-पाच दिवस बिनमिठाचे, बिनमसाल्याचे, उकडून बारीक केलेले चिकन हा चांगला आधार आहे. पण महिनोन्‌महिने नुसते बिनहाडाचे चिकन दिले तर कॅल्शियम जवळपास मिळतच नाही आणि हाडे ठिसूळ होतात. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व अतिरेकी प्रमाणात जाते. येलदरीचे किंवा गोदावरीचे मासे मिळतात म्हणून कच्चे घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. मासा उकडून, काटे काढून द्यावा.

मध्यममार्ग शक्य आहे. मुख्य आहार संपूर्ण खाद्याचा आणि त्यावर चमचा-दोन चमचे उकडलेले चिकन व त्याचे पाणी. ज्यांना पूर्णपणे घरचेच द्यायचे आहे, त्यांनी पशुवैद्यकाकडून कॅल्शियम आणि टॉरिनचे माप लिहून घ्यावे. अंदाजाने घालू नये.

रश्श्यातला मटणाचा तुकडा धुऊन दिला तरी त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्याहून गंभीर गोष्ट पॅरासिटामॉलची. ‘मांजराला कणकण वाटते’ म्हणून घरातली गोळी कुस्करून दिली, तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. ते द्रव्य निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. माणसाची जुलाबाची गोळीही विचारल्याशिवाय देऊ नये.

परभणीच्या उन्हाळ्यात काय वेगळे करावे?

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते, खाण्यातले धरून. ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असते, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. म्हणजे १०० ग्रॅम ओले खाद्य खाल्ले की ७५ मिलिलिटरहून जास्त पाणी पोटात जाते. ५० ग्रॅम कोरडे दाणे खाल्ले तर पाच मिलिलिटर. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा हा हिशेब जीवनमरणाचा होतो. जुलाब असलेले, मूत्रपिंड थकलेले म्हातारे मांजर कोरड्या दाण्यांवर असेल तर ते दोन दिवसांत सुकते. दाण्यांवर कोमट पाणी किंवा चिकनचे बिनमिठाचे पाणी ओतावे. पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात वेगवेगळ्या जागी, खाण्यापासून आणि शी करण्याच्या जागेपासून दूर ठेवाव्यात.

ओले खाणे या उकाड्यात तासा-दीड तासाच्या वर उघडे ठेवू नये. मुंग्यांसाठी वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवण्याची आजीची युक्ती आजही सर्वोत्तम आहे. दाण्यांचे मोठे पोते स्वस्त पडते म्हणून आणले आणि ते पत्र्याखाली तीन महिने पडून राहिले तर त्यातली चरबी खवट होते. खवट खाण्याने बिघडलेले पोट पाहून लोक कंपनी बदलतात. बदलायला हवी ती साठवणुकीची जागा.

परभणीत जायचे कुठे?

या बाबतीत परभणी मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांपेक्षा नशीबवान आहे. येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ पासूनचे आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येते. जिल्ह्याच्या मुख्य गावात पशुवैद्यक घडवणारी संस्था असणे ही मोठी गोष्ट आहे. जिंतूर किंवा गंगाखेडहून यायचे तर चाळीसेक किलोमीटरचा प्रवास. निघण्याआधी फोन करून रक्त, लघवी, सोनोग्राफी यांपैकी काय होते ते विचारावे. सोबत ताज्या शीचा नमुना डबीत, उलटीचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि कॅलेंडरची पाने न्यावीत. भाजीच्या दोन जाळीदार क्रेट तोंडाला तोंड लावून बांधल्या की मांजर नेण्याचा पिंजरा तयार होतो.

अडचण वेगळीच आहे. आपली सगळी पशुवैद्यकीय व्यवस्था गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांसाठी उभी राहिली. शेतीच्या जिल्ह्यात ते योग्यच. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेत कोंबड्या-बदके सोडून ज्या १५ प्राण्यांची मोजणी ठरली, त्यात कुत्रा आहे, ससा आहे, हत्तीही आहे. मांजर नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी औषधे, तपासण्या, प्रशिक्षण यांची तरतूद कोण आणि कशाच्या आधारे मागणार? परभणीत मांजरे किती, त्यातली म्हातारी किती, याचा आकडा सरकारदरबारी तयार होण्याची सोयच नाही. पुढच्या गणनेत मांजराचा रकाना असावा, ही मागणी लाडाकोडाची नाही. उंदरांपासून धान्याची कोठारे राखणाऱ्या प्राण्याची साधी नोंद व्हावी, एवढेच तिचे स्वरूप आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. दुष्काळ, कर्ज, माणसांच्याच दवाखान्यांची दैना असलेल्या जिल्ह्यात मांजराच्या रक्ततपासणीचे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही. मात्र वर सांगितलेल्या गोष्टींपैकी दूध बंद करणे, थोडे थोडे कोमट खाणे देणे, दहा दिवसांत सावकाश बदल करणे, वजन लिहून ठेवणे आणि पॅरासिटामॉल न देणे यांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. उलट आठवड्याला नवे पाकीट आणून फेकण्यात पैसे जातात. शी तपासणे ही सर्वात साधी तपासणी आहे. तिथून सुरुवात करावी आणि मोठ्या तपासण्यांचे डॉक्टरांशी बोलून, खिसा पाहून ठरवावे.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

उलटीत किंवा शीत रक्त दिसले, एका दिवसात तीन-चारपेक्षा जास्त उलट्या झाल्या, पाणीही पोटात राहिले नाही, २४ तास खाणे बंद राहिले, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसल्या, लघवीला बसूनही लघवी झाली नाही, यांपैकी काहीही दिसले तर आहाराचे प्रयोग थांबवून निघावे. महिनाभरात दोनपेक्षा जास्त वेळा उलटी होत असेल किंवा वजन सतत उतरत असेल तर घाई नाही, पण वेळ घेऊन दाखवावेच.

तपासणीअंती कधी कधी उत्तर वाईट येते. मूत्रपिंड पुन्हा तरुण होत नाही, लिम्फोमा आहाराने जात नाही. तरीही मळमळ कमी करता येते, वाटी कोमट ठेवता येते, उरलेले महिने किंवा वर्षे पोटाच्या वेदनेशिवाय जाऊ शकतात. आणि अनेकदा उत्तर चांगलेच येते : जंत होते, दात दुखत होता, दूध सोसत नव्हते. ही दोन्ही उत्तरे तपासल्याशिवाय हाती लागत नाहीत. गोठ्यातली गाय एक वेळ चारा खाईनाशी झाली की आपण डॉक्टरांना फोन लावतो, तिचे वय विचारत बसत नाही. चुलीपाशी बारा वर्षे झोपलेल्या मांजरासाठीही तोच फोन लावायला हवा.